खाऱ्या वाऱ्यातला स्पीकर: बनाना प्लग समजून घेऊ

गणपतीचा दुसरा दिवस. घर चाकरमान्यांनी भरलेलं. रात्री भजनाला मंडळी यायच्या आधी मुंबईच्या काकांनी जुनी रेकॉर्डिंग लावली आणि पाचेक मिनिटांनी आतून हाक आली, "डावो स्पीकर बोलना नाय रे!" कुणीतरी स्पीकरवर थाप मारली. आवाज आला, खरखरला, परत गेला. वायर हलवली की मृदंग ऐकू यायचा, हात काढला की गप्प. स्पीकर जळला असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं.

मी स्पीकर फिरवून मागची वायर सोडवली आणि उजेडात धरली. टोकाला तांबं दिसतच नव्हतं. हिरवट पांढरी भुकटी होती आणि बोट लावल्यावर निम्म्या तारा मोडून हातात आल्या. कातरीने इंचभर वायर कापली, सोलली, तर आतली तारही काळी. आणखी कापली, तरी काळीच. जवळजवळ हातभर वायर टाकून दिली तेव्हा कुठे लालसर, चकचकीत तांबं दिसलं. ते टोक टर्मिनलमध्ये, म्हणजे स्पीकरच्या पाठीवर वायर जोडायच्या जागेत, आवळलं आणि स्पीकर बोलायला लागला. त्याला काहीच झालं नव्हतं. बिघडला होता तो फक्त जॉइंट, म्हणजे वायर आणि टर्मिनल जिथे एकमेकांना भेटतात ती अर्ध्या इंचाची जागा.

आमचं घर वेंगुर्ल्याच्या बाजूला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी बनाना प्लग, म्हणजे स्पीकरच्या वायरच्या टोकाला बसवायची धातूची पिन, का लावावा आणि कसा लावावा, हे नीट समजावं म्हणून हे लिहितोय. इंटरनेटवर या प्लगबद्दल भरपूर सापडतं, पण ते बहुतेक कोरड्या हवेतल्या लोकांनी कोरड्या हवेतल्या लोकांसाठी सांगितलेलं असतं. तिथे प्लग ही सोय असते. आपल्याकडे ती गरज आहे.

आधी वायर का मरते ते पाहू. पावसाळ्यात मिठाची बरणी पाणी सोडते हे आपल्या घरात लहान मुलालाही माहीत असतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते त्याहून आधीच ओलावा धरतात. शिरोड्याची मिठागरं आमच्याच तालुक्यातली, 1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला ती. तिथे ज्या पाण्यातून मीठ काढतात, त्याच पाण्याचे बारीक तुषार वाऱ्यावर बसून आपल्या घरात येतात आणि खिडकीच्या गजांवर, टीव्हीच्या मागे, स्पीकरच्या टर्मिनलवर बसतात. उन्हाळ्यात ते नुसती धूळ असतात. जून लागला की त्याच धुळीचं खारं पाणी होतं. उघड्या तांब्यावर अशा पाण्याचा पातळ थर महिनोन्‌महिने राहिला की तांबं कळकतं.

कळकणं हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, म्हणून आजी अशा भांड्यात आंबट काही राहू देत नसे. वायरच्या टोकाला आलेला हिरवा थर त्याच कुळातला, तांब्याचा कळंक. तांब्यातून वीज फार सहज जाते. पण तांब्याचा गंज वीज जवळजवळ अडवतो. त्यामुळे वायर टर्मिनलमध्ये दिसायला घट्ट बसलेली असली, तरी मध्ये हा थर आला की आवाज कधी येतो, कधी खरखरतो, कधी बंद पडतो. शिवाय स्पीकरची वायर शेकडो बारीक तारांची असते. त्या तारांमधल्या फटींतून ओलावा वातीत तेल चढावं तसा आत चढत जातो. माझी हातभर वायर काळी पडली होती ती अशी.

आता प्लगकडे वळू. बनाना प्लग म्हणजे 4 मिलिमीटर जाडीची धातूची पिन, जिच्या पोटाला स्प्रिंगच्या पट्ट्या असतात. या पट्ट्या मध्ये फुगीर असतात, केळ्यासारख्या, म्हणून हे नाव. 1924 च्या सुमाराची ही कल्पना. जर्मनीत रिचर्ड हिर्शमान आणि अमेरिकेत जनरल रेडिओ कंपनी, दोघांकडेही तिचं श्रेय जातं. शंभर वर्षांत तिच्यात फारसा बदल करावा लागलेला नाही. कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत मीटरला ज्या लाल-काळ्या वायरी लावायचो, त्यांच्या टोकाला हेच प्लग होते.

त्याचं काम कसं चालतं हे समजलं की बाकी सगळं आपोआप समजतं. दोन धातू एकमेकांवर ठेवले की ते पूर्ण सपाट भिडलेत असं वाटतं, पण तसं नसतं. पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यावर बारीक उंचवटे असतात आणि ते मोजक्याच ठिकाणी एकमेकांना टेकतात. वीज तेवढ्याच ठिपक्यांतून जाते. दाब वाढवला की ठिपके वाढतात, रुंद होतात. प्लगच्या फुगीर पट्ट्या भोकात शिरताना दाबल्या जातात आणि परत फुगायचा प्रयत्न करत राहतात. म्हणजे दाब कायम. दुसरी गोष्ट, प्लग आत जाताना भोकाच्या भिंतीला घासत जातो आणि त्या घासण्याने धातूवरचा मळ, गंजाचा पातळ पापुद्रा खरवडला जातो. उघडी वायर स्क्रूखाली आवळली तर पहिल्या दिवशी तिचाही दाब चांगला असतो. पण तांबं मऊ, ते हळूहळू चेपतं, स्क्रू किंचित सैल पडतो आणि त्या फटीत आपली खारी हवा शिरते.

यातून एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. बनाना प्लगने आवाज गोड होत नाही. नव्याने सोललेली, घट्ट आवळलेली उघडी वायर आणि चांगला प्लग यांच्या आवाजात कानाला कळेल असा फरक नसतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या प्लगबद्दलही हेच. सोनं तांब्यापेक्षा वीज चांगली वाहून नेतं असं बरेच जण धरून चालतात, प्रत्यक्षात तांबं सोन्यापेक्षा सरस आहे. सोन्याचा गुण वेगळा: ते गंजत नाही. म्हणून खाऱ्या हवेत त्या पातळ मुलाम्याला खरंच किंमत आहे. प्लग जी गोष्ट देतो ती म्हणजे चौथ्या पावसाळ्यातही पहिल्या दिवसासारखा राहणारा जॉइंट.

प्लग घेण्याआधी आपल्या अ‍ॅम्प्लिफायरची आणि स्पीकरची पाठ बघून घ्या. गोल फिरणाऱ्या लाल-काळ्या टोप्या असतील आणि टोपीच्या मधोमध भोक असेल, तर तिथे बनाना प्लग बसतो. बऱ्याच सेटवर त्या भोकात प्लास्टिकचं छोटं बूच असतं, ते टाचणीने उचकटून काढावं लागतं. दाबून उघडायच्या क्लिपा असतील, होम थिएटरच्या स्वस्त सेटला असतात तशा, तर बनाना प्लग सहसा बसत नाही. तिथे बारीक सरळ पिनचे कनेक्टर मिळतात, ते वायरला लावून क्लिपमध्ये खोचायचे.

त्या प्लास्टिकच्या बुचामागे कारण आहे आणि ते आपल्यालाही लागू पडतं. युरोपातल्या घरगुती सॉकेटच्या दोन भोकांमधलं अंतर 19 मिलिमीटर आहे आणि स्पीकरच्या टर्मिनलमधलं अंतरही बहुधा तेवढंच. 4 मिलिमीटरचा प्लग विजेच्या सॉकेटात सहज शिरतो, म्हणून तिथे अशी भोकं बुजवून विकतात. आपल्या 6 अँपियरच्या गोल पिनच्या सॉकेटचं अंतरही 19 मिलिमीटरच आहे आणि भोकं 4 मिलिमीटरपेक्षा मोठी. एका टोकाला प्लग लावलेली मोकळी वायर लहान मुलाच्या हाती लागली आणि त्याने ती भिंतीतल्या सॉकेटात घातली, तर दुसऱ्या टोकाच्या उघड्या धातूवर 230 व्होल्ट येतील. म्हणून प्लग लावलेल्या वायरी घरात पडू द्यायच्या नाहीत. काम नसेल तेव्हा दोन्ही टोकं सोडवून, गुंडाळून, वर माळ्यावर. सणासुदीला घर पोरांनी भरलेलं असतं तेव्हा तर नक्कीच.

वायर कोणती घ्यायची? इथे मी स्वतः फसलो आहे. बाजारातल्या एका दुकानातून तांब्याची म्हणून जाड, पारदर्शक वायर आणली. दिसायला सुंदर. दोन वर्षांत तारा काडीसारख्या तुटायला लागल्या. मग ब्लेडने एक तार खरवडून पाहिली तेव्हा आतून पांढरी निघाली. वरून तांब्याचा मुलामा, आत अ‍ॅल्युमिनियम. अशी वायर वीज तांब्याच्या साधारण दोनतृतीयांशच वाहते. त्यातून दोन वेगळे धातू आणि खारं पाणी एकत्र आले की त्यांची छोटी बॅटरीच तयार होते आणि तीत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. किनाऱ्यावर ही वायर अजिबात घेऊ नका. घेताना एक तार खरवडा: बाहेर लाल आणि आत पांढरी असेल तर परत द्या. बाहेर पांढरी आणि आत लाल असेल तर ती कथील चढवलेली तांब्याची वायर, म्हणजे कल्हई केलेलंच तांबं म्हणा. बोटींवर हीच वापरतात. मिळाली तर डोळे मिटून घ्या.

जाडीचं गणित सोपं आहे. ओहम हे रोधाचं, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. 8 ओहमच्या स्पीकरला 100 वॅट दिले तरी साडेतीन अँपियरच जातात, आणि घरात आपण ऐकतो ते बहुतेक वेळा चार-पाच वॅटच्या आत असतं. अंतर मात्र मोजा. माझा अ‍ॅम्प्लिफायर माजघरात आणि एक स्पीकर पडवीत, मध्ये 10 मीटर. वीज जाते आणि परत येते, म्हणजे तार झाली 20 मीटर. एवढ्या लांबीला दीडच्या, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या वायरचा रोध साधारण पाव ओहम भरतो. तो स्पीकरच्या रोधाच्या 5 टक्क्यांच्या आत असला की काळजी नाही, आणि 8 ओहमला ही मर्यादा 0.4 ओहम येते. स्पीकर 4 ओहमचा असेल तर मात्र अडीचची घ्या. आता हेच जॉइंटला लावून बघा: कळकलेल्या टोकाला अर्धा ओहम जरी आला, तरी तो 20 मीटर वायरीच्या दुप्पट होतो. जाड वायरीला दिलेले पैसे अर्ध्या इंचात वाया.

प्लगचे प्रकार बरेच आहेत, मी तीनच सांगतो. पहिल्यात मागून वायर घालतात आणि बाजूच्या एक किंवा दोन बारीक स्क्रूंनी आवळतात. सगळ्यात सरळ, कधीही सोडवता येतो. दोन स्क्रूचा घ्या. दुसऱ्यात तारा फुलासारख्या पसरून वरून टोपी फिरवतात. लावायला पटकन, पण पसरलेल्या तारा टोपीच्या कडेने बाहेर डोकावतात आणि तिथेच कळक धरते, म्हणून किनाऱ्यावर मला तो पटत नाही. तिसरा सोल्डरचा. ज्याचा हात डाख द्यायला बसलेला आहे त्याने तोच लावावा, कारण वितळलेलं कथील तारांमधल्या फटी भरून टाकतं आणि हवेला जागाच उरत नाही. फक्त एक चूक टाळा: टोकाला डाख देऊन ते टोक स्क्रूखाली आवळायचं नाही. कथिलाचा डाख मऊ असतो, दाबाखाली तो सरकत जातो आणि सहा महिन्यांत स्क्रू सैल. जिथे स्क्रू, तिथे नुसतं तांबं.

खरेदीला जाताना खिशात फ्रिजवरचं लोहचुंबक ठेवा. चांगल्या प्लगचं अंग पितळेचं असतं, त्याला चुंबक धरत नाही. पिनच चिकटली तर आत लोखंड आहे, आणि वरचा सोनेरी रंग पहिल्या पावसात सोलून निघेल.

आता प्रत्यक्ष काम. अ‍ॅम्प्लिफायर बंद करा आणि त्याचा प्लग भिंतीतून काढा. नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही. वायरचं टोक ताजं कापा आणि दहा-बारा मिलिमीटर सोला. सोलताना ब्लेड तारांना लागता कामा नये, कारण कापलेली तार तिथेच पुढे मोडते. माझी पद्धत अशी की ब्लेड वायरवर धरून वायर गोल फिरवायची, प्लास्टिक अर्धं कापलं गेलं की थांबायचं आणि उरलेलं नखाने ओढून काढायचं. तारांना बोटांनी एकाच दिशेने पीळ द्या, देवापुढची वात वळतो तसा. एकही तार बाहेर राहू देऊ नका. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे लाल आणि काळं टर्मिनल अगदी शेजारी असतात. एक सुटी तार पलीकडे टेकली तर शॉर्ट होतो आणि आतला महागडा भाग उडू शकतो.

प्लगचं आवरण आधी वायरमध्ये ओवून घ्या. हे विसरलात तर सगळं परत सोडवावं लागतं. मग पीळ दिलेलं टोक भोकात पार तळापर्यंत घाला, दोन्ही स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने आवळा, आणि शेवटी वायर धरून चांगली ओढून बघा. सरकली तर परत. स्क्रूच्या भोकातून तांबं दिसत असेल, तर त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केल्यावर आवळत जाणारी प्लास्टिकची नळी, चढवून गरम करा. हा गोंद वितळून फट बंद करतो. साधी नळी ओलावा पूर्ण थांबवत नाही, इन्सुलेशन टेप तर दमट हवेत चिकट होऊन सुटतोच. नळी नसेल तर स्क्रू आवळून झाल्यावर बाहेरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. खोबरेल तेल लावू नका, ते खवट होऊन धूळ धरतं.

लाल-काळ्याचा मेळ दोन्ही टोकांना सारखा हवा. वायरच्या दोन पदरांपैकी एकावर रेघ, उंचवटा किंवा छपाई असते. रेघवाला पदर लालला असं एकदा ठरवा आणि घरभर तोच नियम ठेवा. एका स्पीकरचं उलटं झालं तर काही जळत नाही, पण एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. पखवाजाची थाप पातळ होते, गाणारा समोर बसलाय असं वाटायचं ते जाऊन आवाज कुठून येतोय तेच कळेनासं होतं. शंका आली तर अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूचं टोक सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचा धन लालला, ऋण काळ्याला लावल्यावर मोठा पडदा बाहेर यायला हवा. दोन्ही स्पीकरचे बाहेर आले की मेळ बरोबर.

प्लग खोचण्याआधी टर्मिनलची गोल टोपी हाताने घट्ट फिरवून घ्या, नाहीतर ती आत खुळखुळत राहते. प्लग काढताना त्याच्या अंगाला धरा, वायरला नाही. आधी प्लग, मग अ‍ॅम्प्लिफायर चालू, हा क्रम पाळा. अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना एक टोक लावलेलं आणि दुसरं जमिनीवर लोंबतंय असं कधीही होऊ देऊ नका. ते दोन प्लग एकमेकांना टेकले की शॉर्टच.

आमच्याकडे आता आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या कामांत एक काम वाढलंय. पडवीला नारळाच्या झावळ्यांची चुडतं बांधून झाली की त्याच दुपारी सगळे प्लग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती फडक्याने पुसायचे. पॉलिश पेपरने घासायचं नाही, त्याने सोन्याचा थर निघून जातो. पाऊस सुरू झाल्यावर महिन्यातून एकदा प्रत्येक प्लग दोन-तीनदा आत-बाहेर करायचा, तेवढ्या घासण्याने जॉइंट ताजा राहतो. दर वर्षी साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात एवढं करावं लागतं.

आणि परतीच्या पावसात, दुपारी पूर्वेकडे सह्याद्रीवर ढग काळे व्हायला लागले की वीज पडायच्या भीतीने पडवीत गेलेली लांब वायर दोन्हीकडून सोडवायची. गडगडाट जवळ यायच्या आत, ऐकू यायला लागल्यावर नाही. पूर्वी यासाठी स्क्रू सोडायला लागायचे, टॉर्च धरायला दुसरं माणूस लागायचं, म्हणून ते राहूनच जायचं. गेल्या ऑक्टोबरमध्ये ते काम आईने केलं, चुलीवर भात ठेवून, एकटीने. लाल पदराच्या प्लगला मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवलाय, तेवढ्या खुणेवर तिने संध्याकाळी ते परत लावलेही.